कांद्याच्या सालीची युद्धनौका

संताजीरावांनी संगणकाच्या पडद्यावरच्या युद्धनौकेच्या धुरांड्याला शेवटचा करडा हात फिरवला, खुर्ची मागं सरकवली आणि शेजारच्या दोन ब्लॉकना ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, "आत्याबाई! या लवकर! आतोबा रंगीत झाले!"

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी सुनेत्राबाईंच्या हातातला कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे मद्रासी वाटी-पेला, थांबला. देवघरात जपमाळ थांबली. ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई, म्हणजे राजसबाई, भिंतीचा आधार घेत, पण नव्या नवरीच्या उत्सुकतेनं, पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

गोष्टच तशी आनंदाची होती. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मद्रासमधल्या पश्चिम मांबळमच्या त्या दोन खोल्यांत संताजीरावांनी एक नवी उपासना मांडली होती. महायुद्धांतली काळीपांढरी छायाचित्रं मिळवायची आणि संगणकावर त्यांत रंग भरायचे. खंदकातले सैनिक, पंख्याची विमानं, तोफा, जहाजं. बटणं पितळी की काळी, एवढ्यासाठी माणूस आठ-आठ दिवस पुस्तकं चाळायचा. अशी एकवीस चित्रं तयार झाली होती. बाविसावं होतं आत्याबाईंच्या यजमानांचं. बालाजीराव नौदलात खलाशी होते. युद्धात त्यांची बोट बुडाली तेव्हा राजसबाई वीस वर्षांच्या होत्या. मागं राहिलं ते एवढंच: जहाजाच्या कठड्याला टेकून हसणारे पांढऱ्या गणवेशातले बालाजीराव, हाताच्या पंज्याएवढे.

येत्या रविवारी मराठी मंडळाच्या सभागृहात या बावीस चित्रांचं प्रदर्शन आणि त्यानंतर हरिप्रियाताईंचं कीर्तन, असा बेत ठरला होता. प्रमुख पाहुणे निवृत्त नौदल अधिकारी सेतुमाधव. आणि कीर्तनाआधीची समई लावायची राजसबाईंनी, यजमानांच्या चित्रासमोर.

आत्याबाईंनी चष्मा पुसला. पडद्यापाशी नाक नेलं. मग म्हणाल्या, "रंग कुठं आहे रे?"

"हा काय! करडं जहाज, करड्या तोफा. मागं समुद्र. तोही ढगाळ हवेतला, म्हणून जरा करडाच."

"काळंपांढरं होतं ते करडं केलास. यात तीन आठवडे काय केलास?"

सुनेत्राबाई साताऱ्याच्या. आत्याबाईंच्या तंजावरी मराठीचं त्यांना एरवीही हसू यायचं, आता तर आवरलंच नाही. "अहो, खरंच की! आधीचा फोटो आणि आत्ताचा, दोन्ही शेजारी ठेवले तर मला ओळखू यायचे नाहीत."

"युद्धनौका करडीच असते!" संताजीराव म्हणाले. "ही काही कोंबू-तुतारी वाजवत निघालेली लग्नाची वरात नाही."

"यांची बोट करडी नव्हती," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "सांबाराचा लहान कांदा असतो की, त्याची साल? तसली होती. जांभळट गुलाबी."

संताजीरावांनी खुर्चीसकट गर्रकन वळून बघितलं.

"गुलाबी? युद्धनौका? आत्याबाई, शत्रू हसून हसून मेला असता. गोळ्या वाचल्या असत्या."

"तू हस, मेल्या. पण खोट्या रंगाच्या बोटीपुढं मी समई लावायची नाही. सरी, ठरलं, बोलून झालं." आणि जपमाळ पुन्हा सुरू झाली.

तीन दिवस घरात हाच विषय. संताजीराव पुस्तकं आणून दाखवायचे, "हे बघा करडं, हे बघा करडं." आत्याबाई पानं उलटून म्हणायच्या, "यात यांचं नाव कुठं आहे?" संताजीराव विचारायचे, "नक्की आठवतंय?" त्या म्हणायच्या, "नक्की." पुढं गाडी सरकायचीच नाही. इकडं आड तिकडं विहीर अशी त्यांची अवस्था. गुलाबी जहाज टांगावं तर नौदलाच्या अधिकाऱ्यासमोर आयुष्यभराच्या अभ्यासाचं हसं. करडं टांगावं तर ज्या आत्यानं त्यांना आईविना वाढवलं, ती समईला हात लावणार नाही.

शेवटी सुनेत्राबाईंनीच तोड काढली. "दोन करा. करडं सभागृहाच्या दारावर मोठ्ठं लावा. गुलाबी लहानसं फ्रेम करून आत समईपाशी, फुलांच्या आडोशाला. पाहुण्यांना ते दिसायचं नाही, आणि आत्याबाईंना दार ओलांडताना आपण बोलण्यात गुंतवू."

संताजीरावांनी दार लावून घेतलं आणि लाजेनं मान खाली घालून वीस मिनिटांत जहाज गुलाबी केलं. आत्याबाईंना दाखवलं. पडद्यावरच्या जहाजावरून त्यांनी अलगद बोट फिरवलं, आणि धुरांड्यावर अंगाऱ्याचा ठसा उमटला. तो पुसायचं धाडस संताजीरावांचं झालं नाही.

दोन्ही चित्रं एका सीडीत घालून ते रामस्वामीच्या बॅनरच्या दुकानात गेले. टी नगरच्या त्या गल्लीत रामस्वामीचं फ्लेक्सचं यंत्र दिवसरात्र चालायचं. पुढाऱ्यांचे वाढदिवस, मुलींच्या ऋतुशांती, लग्नं, सगळ्या मद्रासचा आनंद त्याच्या यंत्रातून दहा फुटी होऊन बाहेर पडायचा.

"पहिलं चित्र दहा फूट बाय आठ," संताजीरावांनी तीनतीनदा बजावलं. "दुसरं वीतभर. लक्षात राहील?"

"कवलैच नको, सार! काळजी माझी," रामस्वामी म्हणाला.

आता यात रामस्वामीचा तरी काय दोष? त्यानं सीडी उघडली. पहिलं चित्र करडं, दुसरं गुलाबी. वीस वर्षांच्या धंद्यात करड्या रंगाचा दहा फुटी बॅनर त्यानं कुणासाठीही छापला नव्हता. बँकेतला साधा माणूस, गोंधळात आकडे उलटे सांगून गेला, असं त्याला मनापासून वाटलं. गिऱ्हाइकाची चूक गिऱ्हाइकाला न दुखवता सुधारणं हा त्याचा धर्म. त्यानं ती सुधारली. शिवाय रिकाम्या कोपऱ्यांत आपल्याकडून चार कमळं घातली.

रविवारी चार वाजता संताजीराव रिक्षातून उतरले आणि त्यांच्या हातातली प्रसादाची पिशवी गळून पडली.

सभागृहाच्या दारावर, सुरूच्या दोन खांबांच्या मध्ये, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच, कांद्याच्या सालीच्या रंगाची युद्धनौका रामस्वामीच्या पोरांनी परस्पर टांगली होती. कठड्याला टेकून बालाजीराव साऱ्या रस्त्याकडं बघून हसत होते. चारी कोपऱ्यांत कमळं. बसच्या खिडक्यांतून माणसं माना वळवून बघत होती. एक फुलवाली तर हात जोडून पुढं गेली.

"रामस्वामी!" संताजीरावांनी फोनवर आरोळी ठोकली.

"सूपर आलंय ना, सार? आभार नंतर माना. गिऱ्हाईक आहे."

बॅनर उतरवायचा तर काथ्याच्या गाठी वर, शिडी मंडपवाल्याकडं, आणि मंडपवाला कॉफी प्यायला गेलेला. पाहुणे यायला पंचवीस मिनिटं. संताजीराव आत धावले. कीर्तनाच्या बैठकीसाठी अंथरलेली मोठी सतरंजी त्यांनी ओढली. तिच्यावर मृदंगवादक मृदंगाला कणीक लावत बसले होते, ते मृदंगासकट दोन हात सरकले.

"अहो, हे काय? आम्ही बसायचं कुठं?"

"देवाच्या पायाशी बसा!" असं म्हणत संताजीराव सतरंजी घेऊन दारात आले. दोन खुर्च्या एकमेकींवर ठेवून ते चढले. सुनेत्राबाईंनी खुर्च्या धरल्या. सतरंजी खांबांवरून सोडली तेव्हा जहाज झाकलं, समुद्र झाकला, आणि बालाजीरावांच्या चेहऱ्यावरून ती हनुवटीपर्यंत आली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय करतोस रे?"

राजसबाई रिक्षातून उतरून उभ्या होत्या. ठेवणीतलं नऊवारी, हातात तेलाची वाटी. त्यांच्यामागं पांढरी मोटार थांबली आणि तीतून काठीही न घेता ताठ चालत उतरले सेतुमाधव. वय त्र्याऐंशी, दहा मिनिटं आधी. नौदलाच्या माणसांची हीच अडचण.

"नमस्कार. झाकलंय काय?" त्यांनी विचारलं. "अनावरण आहे वाटतं?"

"हो! म्हणजे, नाही! जरा... धूळ," खुर्चीवरून संताजीराव म्हणाले. खुर्ची डुगडुगत होती.

आत्याबाई पुढं आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "साठ वर्षांवर झाली, यांना मी करड्या धुक्यातनं बघते. आज रस्त्यात पाय ठेवला आणि एवढे मोठे, हसत, माझ्या आठवणीतल्या रंगात उभे दिसले. एक घटकाभर. आणि तू यांच्या तोंडावर सतरंजी ओढतोस, संताजी? कुणाला लाजतोस? यांना का मला?"

संताजीरावांनी खाली बघितलं. एका बाजूला आयुष्यभराचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला तेलाची वाटी धरून उभी आत्या. अभ्यासाचं जे व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि सतरंजी खाली ओढली. तिच्याबरोबर वरची खुर्चीही आली, आणि संताजीराव सतरंजीच्या घडीत अलगद जमिनीवर बसले.

कुणी हसेना. त्यांनी एक डोळा उघडला.

सेतुमाधव बॅनरकडं बघत होते. मग त्यांनी कमरेपासून ताठ होत कडक सलाम ठोकला.

"हा रंग!" ते म्हणाले. "हा रंग कुणाला ठाऊक नसतो हो! त्रेचाळीस साली आमचंही जहाज असंच रंगवलं होतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला आकाश या रंगाचं होतं, तेव्हा जहाज दिसत नाही म्हणायचे. भर दुपारी मात्र कोळीसुद्धा बोटी थांबवून हसायचे! लाजेनं आम्ही कुणी घरीदेखील सांगितलं नाही. तुम्हाला कुठल्या दप्तरात सापडलं? केवढं संशोधन!"

"संशोधन म्हणजे..." संताजीरावांची छाती सतरंजीसकट फुगायला लागली. सुनेत्राबाई खाकरल्या. छाती बसली. "दप्तर या आहेत," ते आत्याबाईंकडं बोट दाखवून म्हणाले. "मी तर चार दिवस यांनाच वेड्यात काढत होतो."

मग काय विचारता! बातमी रस्त्याच्या त्या टोकापर्यंत गेली. प्रदर्शनात पाय ठेवायला जागा राहिली नाही. सतरंजी झटकून पुन्हा अंथरली, मृदंग पुन्हा जागेवर आला, समई उचलून दारातल्या बॅनरपुढं आणली आणि राजसबाईंनी ती लावली. पाची वाती पहिल्या काडीत पेटल्या. हरिप्रियाताईंनी सगळ्यांना बुक्का लावून घेतला, झांजा हातात घेतल्या, पण नमन सुरू करण्याआधी त्यांना राहवेना.

"आत्याबाई, एवढं एक सांगा. आपण ती बोट पाहिलीत कुठं? बंदरात गेला होतात?"

"मी? बंदरात?" आत्याबाई चकित झाल्या. "मी तंजावर कुठं सोडलं होतं तेव्हा! बोट मी जन्मात पाहिली नाही."

सेतुमाधव खुर्चीत पुढं सरकले. संताजीराव बसल्या जागेवरून अर्धे उठले.

"अय्यो, असं काय बघता? यांना पंधरा दिवसांची रजा मिळाली होती. पेटी उघडली तर सहाच्या सहा शर्टांवर हाच रंग! मी म्हटलं, लढाईला गेलात की रंगपंचमीला? म्हणाले, सगळी बोट आम्हीच रंगवली, आणि अंगाला लागेल तिथं पुसली. पंधरा दिवस विहिरीवर बसून धुतलं मी. शिकेकाई घातली, लिंबू घातलं, रॉकेल घातलं. डाग फिका झाला, पण पसरला. तो रंग मी विसरू?"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" संताजीराव कळवळून म्हणाले.

"तू 'नक्की का, नक्की का' एवढंच विचारलास. 'कसं ठाऊक' म्हणून कोण विचारलं? आणि विचारतोसच आता तर ऐक. यांचे कपडे पांढरेशुभ्र काढलास, ते चूक. सहांतला एक शर्ट पांढरा उरला नव्हता. सगळ्यांवर सालीची झाक."

"खरं आहे," सेतुमाधव गदगदून हसत म्हणाले. "आमच्या अख्ख्या जहाजावर एक पांढरा शर्ट नव्हता!"

सभागृह हसण्यानं दणाणलं, आणि त्या हसण्यातच हरिप्रियाताईंनी झांजांचा पहिला ठेका धरला. संताजीराव कपाळावरच्या बुक्क्यासकट भिंतीवरच्या बाकीच्या एकवीस चित्रांकडं बघत बसले होते. एकवीस चित्रांतले सगळे शर्ट, सदरे, विजारी, त्यांनी मोठ्या अभ्यासानं रंगवलेल्या. हे कपडे धुतले कुणी असतील, आणि त्या बायकांना आता गाठायचं कुठं?

सुनेत्राबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "उद्यापासून घरातले कपडे तुम्ही धुवायचे," त्या म्हणाल्या. "तेवढाच अभ्यास पक्का होईल."