कणा संवर्धन योजना

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कार्यालयाचे दप्तरी खालच्या फळीवरचा एक गठ्ठा उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. गठ्ठ्यात ‘जड वस्तू उचलताना घ्यावयाची काळजी’ या विषयावरची गेल्या बावीस वर्षांची परिपत्रकं होती. साहेबांनी ती तातडीने मागवली होती.

दप्तरी म्हणजे जुन्या फायली सांभाळणारा माणूस. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं आणि कुठली फाईल कुठल्या फळीवर आहे, हे ते डोळे मिटून सांगत. आता डोळे मिटण्यापलीकडे त्यांना काही करताच येत नव्हतं. कमरेतून अशी कळ गेली होती की तोंडातून शब्द फुटेना. आस्थापना शाखेच्या बाई धावत आल्या. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

“पडलात की वाकलात?”

“वाकलो,” दप्तरी कसेबसे म्हणाले.

“पडला असतात तर अपघात लिहिता आला असता. वाकण्याला आपल्याकडे रकाना नाही.”

मणक्यातली चकती सरकली होती. शस्त्रक्रियेची गरज नाही, पण व्यायाम मात्र जन्माचा सोबती, असं सांगून हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. या बाई फार मोजकं बोलत.

“याला पिलाटेस म्हणतात,” त्या म्हणाल्या. “उड्या नाहीत, धावणं नाही, हिसका तर मुळीच नाही. पाठीवर झोपा. गुडघे दुमडा. श्वास सोडता सोडता बेंबी पाठीकडे ओढा.”

“एवढंच?”

“करून दाखवा.”

दप्तरींना ते तीनदा जमलं. चौथ्या वेळी घाम फुटला. घरी गेल्यावर बायको शेजारी बसून मोजू लागली. “अहो, श्वास धरून ठेवताय तुम्ही! सोडा. साहेबांसमोर एकतीस वर्षं धरलात तेवढा पुरे झाला.”

तीन आठवड्यांनी ते कामावर रुजू झाले ते एक साधा अर्ज घेऊनच. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास रेकॉर्डच्या खोलीत चटई टाकायला परवानगी मिळावी, एवढीच विनंती होती. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आस्थापनेच्या बाईंनी ती दोनदा वाचली.

“हे पिलाटेस कोण? आपल्या मान्यताप्राप्त डॉक्टरांच्या यादीत दिसत नाहीत.”

“व्यायाम आहे तो, बाई. जमिनीवर पडून करायचा.”

“कार्यालयाच्या वेळात जमिनीवर पडणार?”

“सुट्टीत.”

“जमीन सुट्टीतही कार्यालयाचीच असते,” बाई म्हणाल्या आणि अर्ज साहेबांकडे गेला.

साहेबांनी पिलाटेस हा शब्द ऐकलेला होता. त्यांच्याच हुद्द्याच्या दुसऱ्या एका साहेबांनी तो मागच्या बैठकीत दोनदा वापरला होता आणि यांना काही न कळता मान डोलवावी लागली होती. तो सल अजून गेला नव्हता. त्यांनी अर्जावर शेरा मारला : ‘एकाच कर्मचाऱ्यास परवानगी दिल्यास भेदभाव होईल. सर्वांसाठी योजना सादर करावी.’

अशा रीतीने कणा संवर्धन योजना जन्माला आली. तिच्यासाठी समिती नेमली गेली. समितीने सात बैठका घेतल्या, प्रत्येक बैठक तीन तासांची, आणि सातव्या बैठकीनंतर सगळे सदस्य खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. व्यायाम सर्वांना सक्तीचा आणि त्याला रेकॉर्डची खोलीच योग्य, असं ठरलं; कारण मूळ अर्जात दुसऱ्या कुठल्याच खोलीचा उल्लेख नव्हता. मग तिथले चार हजार गठ्ठे हलवणं आलं. दप्तरींची पाठ लक्षात घेऊन त्यांना नुसती देखरेख देण्यात आली. उचलायचं काम ड्रायव्हर, पहारेकरी आणि टायपिस्ट बाई यांच्याकडे सोपवलं गेलं. पाच दिवसांत सगळे गठ्ठे मागच्या व्हरांड्यात पोचले आणि तिघांच्याही कमरा धरल्या.

तो अहवाल साहेबांनी समाधानाने वाचला. पाठीचे रुग्ण एकाचे चार झाले होते. योजनेची गरज चौपट सिद्ध झाली होती.

उद्घाटनाच्या दिवशी खोलीत आरसे चकाकत होते आणि नव्या चटयांचा वास दारापर्यंत येत होता. ही चौघं एकमेकांना धरून धरून दाराशी पोचली. आस्थापनेच्या बाई रजिस्टर घेऊन उभ्याच होत्या.

“पाठ निरोगी असल्याचा दाखला?”

“बाई, निरोगी असती तर इथे कशाला कडमडलो असतो?” ड्रायव्हर म्हणाला.

“आत काही झालं तर जबाबदार कोण? नियम सहा. गेल्या सहा महिन्यांत पाठदुखी झालेल्यास प्रवेश नाही.”

“मग आत आहेत ते कोण?” टायपिस्ट बाईंनी विचारलं.

“ज्यांना गरज नाही ते. म्हणून तर योजना सुरक्षित आहे.”

चौघं आल्या पावली परतली. शुक्रवारी चौघांच्याही टेबलावर मेमो आला : सक्तीच्या व्यायामास गैरहजर का राहिलात, याचा खुलासा करावा. दप्तरींनी खुलासा केला की आम्ही हजर होतो, दाराबाहेर होतो. त्यावर उत्तर आलं : ‘हजेरी मान्य. व्यायाम अमान्य.’

“मसणात जाऊ दे ती खोली,” टायपिस्ट बाई म्हणाल्या. “आपण इथेच आडवं होऊ.”

व्हरांड्यात गठ्ठ्यांच्या दोन रांगांमध्ये चार माणसं मावतील एवढी जागा होती. दप्तरींनी फिजिओथेरपिस्ट बाईंकडून शिकलेलं सगळं तिघांना शिकवलं. गुडघे दुमडा, श्वास सोडा, घाई करू नका. पहारेकरी दुसऱ्याच श्वासाला घोरायला लागायचा. मग ड्रायव्हर त्याला कोपराने ढोसायचा. संध्याकाळी चौघं कार्यालयामागच्या रस्त्यावर हळूहळू दोन फेऱ्या मारत.

आत खोलीत मात्र वेगळीच अडचण उभी राहिली होती. दरमहा वर आकडे पाठवायचे होते आणि सावकाश व्यायामाचे आकडे फारच सावकाश वाढत होते. म्हणून एका श्वासात एकाऐवजी चार हालचाली करायचं ठरलं. ठेका धरायला संगीत आलं. फिजिओथेरपिस्ट बाईंना पत्र लिहून त्यांचं मत मागवलं गेलं. त्यांनी एका ओळीत कळवलं की असं अजिबात करू नका. ‘मार्गदर्शन प्राप्त’ अशी नोंद करून ते पत्र फाईलला लावण्यात आलं.

तीन महिने गेले. एका सकाळी दप्तरी पलंगाच्या कडेला बसले, वाकले आणि त्यांनी स्वतःचा मोजा स्वतः पायात चढवला. क्षणभर थांबून दुसराही चढवला. इतके दिवस हे काम बायको करत होती. ती दारात उभी राहून बघत होती. तिने बूट पायाने पुढे सरकवले, “आता हेही घाला,” म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्या दिवशी दप्तरी कार्यालयात पोचेपर्यंत तीन वेळा विनाकारण वाकले.

त्याच आठवड्यात योजनेची पाहणी करायला वरून अधिकारी आले. त्यांना प्रात्यक्षिक दाखवायचा मान साहेबांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही. संगीत सुरू झालं, आणि एका श्वासातल्या तिसऱ्या हालचालीला साहेबांच्या कमरेतून असा आवाज आला की संगीत बंद करावं लागलं. पाहणी अधिकाऱ्यांनी वहीत लिहिलं : ‘उत्साह प्रशंसनीय.’

साहेब महिनाभर घरी होते. डॉक्टरांनी त्यांनाही तोच सल्ला दिला : हळू, जमिनीवर, हिसका नको. परत आल्या दिवशी ते खोलीकडे गेले तेव्हा आस्थापनेच्या बाईंनी अत्यंत आदराने रजिस्टर पुढे केलं आणि नियम सहावर बोट ठेवलं. खाली सही साहेबांचीच होती.

जेवणाच्या सुट्टीत साहेब भिंतीला धरत धरत व्हरांड्यात आले. चौघं नुकतीच आडवी होत होती.

“दप्तरी,” साहेब म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात ते आजवर कधी बोलले नव्हते. “मला जरा इथे... जागा मिळेल का?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहारेकऱ्याने पाय जवळ घेतले असते तर पाचवा माणूस सहज मावला असता. दप्तरींना ते दिसत होतं. साहेबांच्या कपाळावरचा घामही दिसत होता, आणि तो कसला आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! ‘या ना, साहेब’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

“अर्ज आणलाय?” ड्रायव्हर म्हणाला.

“अर्ज? कुणाच्या नावे?”

“ते ठरवावं लागेल,” टायपिस्ट बाई म्हणाल्या. “बैठक घ्यावी लागेल.”

साहेबांनी दप्तरींकडे पाहिलं. दप्तरींच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जिभेवरचे शब्द त्यांनी गिळले.

“दोन प्रतींत आणा,” ते म्हणाले.

साहेबांनी उभ्या उभ्याच, एका गठ्ठ्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. मध्ये दोनदा कळ आली तेव्हा ते थांबले. दप्तरींनी अर्ज हातात घेतला, उजेडाकडे धरला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला.

“डावीकडे समास सोडलेला नाही,” ते म्हणाले. “उद्या या.”

साहेब कंबर धरून परत फिरले. चौघं आडवी झाली, त्यांनी गुडघे दुमडले आणि श्वास सोडला. इतका छान व्यायाम त्यांचा आजवर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या तोंडाशी एक टेबल आलं, त्यावर एक रजिस्टर आलं, आणि टेबलामागे एक खुर्ची. तिच्यावर कुणाला बसवायचं हे अजून ठरलेलं नाही. पण समास सुटला नाही म्हणून साहेब परत फिरले तेव्हा तुम्ही गालातल्या गालात हसलात ना? त्या खुर्चीसाठीच्या यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आहे.