मुक्या आईचे मांडे

"साहेब, पुरणाचे मांडे खावेत ते आमच्या आईच्या हातचे!" जळगावच्या कचेरीत सुकदेव फुशारकी मारून गेला आणि पुण्याहून बदलून आलेले नवे साहेब म्हणाले, "मग रविवारीच येतो."

गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. सुकदेवला आईच्या मांड्यांचा जेवढा अभिमान, तेवढीच तिच्या माहेरच्या, धरणगावच्या अहिराणीची लाज. धरणगावचं पुरण साहेबांना चालेल, पण धरणगावची बोली? कचेरीत तोंड दाखवायला जागा उरायची नाही! रविवारी सकाळी त्याने भिकुबाईंना बजावलं, "आई, साहेब असेपर्यंत तोंडातून एक शब्द काढू नको."

"बरं," भिकुबाई म्हणाल्या आणि चुलीवर मांडे भाजायचं मातीचं खापर पालथं घालायला उठल्या.

दुपारी साहेबांनी येऊन वाकून नमस्कार केला. "कशा आहात आजी?"

भिकुबाई नुसत्या हसल्या.

"किती वर्षं करताय मांडे?"

भिकुबाईंनी दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडमीट केली. साहेब कळवळले. "सुकदेव, यांना बोलता येत नाही?"

सुकदेव गडबडला. "नाही साहेब. जन्मापासूनच."

"अरेरे! पुण्यात माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. उद्याच पत्र टाकतो," असं म्हणत साहेबांनी पोळीसारखा मांड्याचा तुकडा तोडला आणि लिंबाच्या लोणच्याला लावला.

आता मात्र भिकुबाईंना राहवेना. "आरे मन्हा भाऊ! मांडा काय लोनचासंगे खातस? दूध ले, तूप ले, कुस्करीसन खाय!"

सुकदेवच्या हातातला तांब्या खाली पडला. साहेबांनी आधी आजींकडे पाहिलं, मग सुकदेवकडे. "जन्मापासून?"

सुकदेवची मान वर होईना. लेकाची ती दशा माउलीला बघवली नाही.

"त्याले नका बोलू साहेब," त्या म्हणाल्या. "माले बोलता येस. पन या घरमा आयकनारं कोनी नव्हतं."

साहेबांनी पाट पुढे ओढला. "मी ऐकतो. बोला आजी."

त्या दिवशी साहेबांनी तीन मांडे खाल्ले आणि दिवेलागणीपर्यंत अहिराणी ऐकली. मधे अडलं की अर्थ सुकदेवला सांगावा लागे. सांगता सांगता त्यालाच ती बोली पुन्हा गोड लागायला लागली.

भिकुबाई गेल्या. खापर सुकदेवने जपून ठेवलंय, त्याची सून त्यावर मांडे करायला शिकली. आता तो स्वतः पेन्शनीत निघालाय आणि घरात अहिराणीशिवाय बोलत नाही. मोठे पाहुणे यायचे असले की मुलगा हळूच म्हणतो, "बाबा, पाहुण्यांसमोर तेवढं बोलू नका."

"बरं," सुकदेव म्हणतो आणि पाहुणा मांडा कशाला लावतोय, त्यावर डोळा ठेवून बसतो.