डावी बाजू साफ

साळवे काकूंच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायचं असेल, तर आधी मुलाखत द्यावी लागते. आम्ही जालन्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो त्याच आठवड्यात मी ती दिली. मला फक्त बाजारापर्यंत जायचं होतं आणि त्या तिकडेच निघाल्या होत्या.

"गाडीत झोप लागती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मोबाईल बघती?"

"कधी कधी."

"आज न्हाई बघायचा. घसा बरा हाय ना?"

घशाचा आणि बाजाराचा काय संबंध, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अनोळखी माणसांशी मी फार बोलत नाही. ओळखीच्यांशीही बेताचंच बोलते. मी मान हलवली.

"मंग बस. डावीकडचं सगळं तुझ्याकडं."

सगळं म्हणजे काय, ते पहिल्याच कोपऱ्यावर कळलं. काकूंनी गाडी हळू केली, मग थांबवली आणि माझ्याकडे बघत बसल्या. मागे हॉर्न वाजायला लागले.

"बोल गं."

"काय बोलू?"

"डावी बाजू साफ हाय का न्हाई ते."

मी खिडकीतून पाहिलं. एक शेळी होती, चपलेचा अंगठा नीट करत वाकलेला एक माणूस होता आणि त्या दोघांच्या मधून एक स्कूटी निघून चालली होती. ती गेली. मी हळूच म्हणाले, "लेफ्ट क्लिअर आहे."

"कुणाला सांगून राह्यली? मला का शेळीला?" काकू म्हणाल्या. "आन् इथं इंग्रजीत वरडल्यावर कोण थांबल? डोकं बाहेर काढ. दारावर थाप मार. एक थाप म्हंजी थांबा, दोन म्हंजी चला. एसटीची घंटी असती ना, तशी. आन् तोंडानं म्हण, डावी बाजू साफ."

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आम्हाला आवाज खाली ठेवायला शिकवलं होतं. ते शिक्षण त्या कोपऱ्यावर संपलं.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. पहिली ते चौथीची मुलं त्यांच्या हाताखालून गेली, आणि रस्त्यावरच्या सगळ्या लोकांना त्या अजून त्याच चार वर्गांत मोजतात. गाडी मात्र निवृत्तीनंतर शिकल्या, साळवे सर वारल्यावर. व्हॅन सरांचीच. ती दारात नुसती उभी राहून राहून टायर बसले, तेव्हा मुलगा प्रवीण पुण्याहून म्हणाला, विकून टाकू. काकूंनी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथला शिकवणारा आजही त्यांना पाहिला की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. तो त्यांना उजवं वळण शिकवायला बघायचा आणि काकू त्याला डाव्या वळणावर धडा द्यायच्या.

काकूंचं म्हणणं असं, की उजवीकडं वळताना माणूस आपोआप शहाणा होतो. समोरून ट्रक येतोय हे दिसत असतं. डावीकडं वळायला मात्र काही लागतं असं कुणी समजत नाही. एका हातानं गुटखा फोडत लोक डावीकडं वळतात. आणि नेमकी तिथेच, आतल्या बाजूनं, सायकलवर शाळेची पोरगी असते, हातगाडी असते, डोक्यावर पाटी घेतलेली बाई असते. "उजवीकडच्याला तू घाबरती," त्या मला म्हणायच्या, "आन् डावीकडचा तुला घाबरतो. मंग जास्त कुणाला जपायचं?"

म्हणून त्यांचं डावं वळण कोपरा येण्याच्या बरंच आधी सुरू होतं. इंडिकेटर इतका लवकर लागतो, की आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणतो, बाईंचा दिवा अंगणातूनच लागून येतो. मग त्या डावीला चिकटून चालतात, म्हणजे आतून कुणी मोटारसायकल घुसवू नये. वळायच्या आधी गाडी उजवीकडं झोकून घ्यायची इथे सगळ्यांना सवय आहे. काकूंना त्याचा राग येतो. "जायचंय डावीकडं आन् झोका कामून उजवीकडं? लग्नाची वरात हाय का?" मग आरसा, मग खांद्यावरून मागे नजर, आणि मग मी.

एकदा एक मोटारसायकलवाला त्या बोटभर फटीतूनही आत आला. मी एक थाप मारली. काकूंनी ब्रेक दाबला आणि माझ्या अंगावरून वाकून खिडकीतून विचारलं, "कुणाचा रे तू? कोणत्या शाळेत होतास?"

तो मिशीवाला माणूस थांबला, गॉगल काढला आणि एकदम बारीक आवाजात म्हणाला, "बाई, मी आल्तो की तुमच्या वर्गात. वाटूरला."

"मंग हात वर केल्याशिवाय मधी घुसायचं न्हाई हे तिथंच सांगितल्तं. हेल्मेट कुठंय?"

हेल्मेट आरशाला लटकलेलं होतं. त्यानं ते घातलं आणि आमच्या मागे जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो आमच्या मागूनच येत होता. पुढे जायची परवानगी त्याला कुणी दिली नव्हती.

माझ्याही चुका झाल्या. एका बाजाराच्या दिवशी चौफुलीवर आमच्या डावीकडे एक काळी-पिवळी जीप माणसं भरत उभी होती. आमची बाजू साफ होती. मी जोरात दोन थापा मारल्या, आणि जीपचा ड्रायव्हर निघाला. त्याला वाटलं, मागे लटकणाऱ्या त्याच्याच पोरानं मारल्या. आत चढणाऱ्या एका आजोबांचा एक पाय जीपमध्ये आणि दुसरा, हातातल्या मेथीच्या जुडीसकट, हवेत होता. लोकांनी त्यांना धरलं, जीप थांबली, आणि मागच्या फळीवर लटकलेला तो पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, थाप बराबर हाय तुमची. येता का आमच्याकडं कामाला?"

मला त्या वेळी सीटखाली जावंसं वाटलं. काकू मात्र खुशीत होत्या. आजोबांना सॉरी म्हणून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, "पाह्यलं? तुझ्या हातात जोर हाय. आवाजात बी यील."

दर रविवारी आम्ही त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचो. अक्कांचं गाव अंबडच्या पुढं, अंकुशनगरच्या अलीकडं. त्यांचे गुडघे गेलेत. बस फाट्यावर सोडते आणि तिथून गावात चालत जायचं म्हणजे ते काकूंच्याही गुडघ्यांचं काम नाही. अक्कांना आठवड्यातून एकदा व्हॅनमध्ये बसून रस्त्यानं जायचं असतं आणि साखर कारखान्याचा धूर बघायचा असतो. धूर दिसला की त्या म्हणतात, "हां, चालू हाय," आणि समाधानानं परत चला म्हणतात. ही त्यांची आठवड्यातली एकच सहल.

त्या रस्त्यावर मी उसाच्या ट्रॉल्या शिकले. एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, वर दोन माणसं उंचीचा ऊस. ट्रॅक्टर डावीकडं वळून जातो, पहिली ट्रॉली त्याच्यामागे जाते, आणि लोकांना वाटतं झालं. दुसरी ट्रॉली मात्र आतला कोपरा कापत येते, आणि जो घाईनं त्या कोपऱ्यात शिरला तो तिच्या चाकाशी. "दुसरी ट्रॉली जाऊ दे, मंग बोलू," हे काकूंचं नेहमीचं वाक्य. ते त्या रस्त्यापुरतंच ठेवत नाहीत. मला एक स्थळ आलं होतं, मुलगा सगळ्यांना पसंत पडला, आई पेढे आणायला निघाली. काकूंनी तिला दारातच विचारलं, "दुसरी ट्रॉली पाह्यली का?" दुसरी ट्रॉली म्हणजे मुलाची आई. ती पाहिली आणि पेढे राहिले.

मला फार दिवस वाटायचं, की काकूंना डाव्या बाजूची भीती आहे. मग एका रविवारी, फाट्यावर ट्रॉल्यांची रांग जायची वाट बघत असताना, मी विचारलं की हे थापांचं त्या कुठं शिकल्या.

"तू बसली तिथं," त्या म्हणाल्या.

सरांना डाव्या डोळ्यानं दिसायचं नाही. लहानपणी विटी लागली होती. लग्न ठरताना हे कुणी काकूंना सांगितलं नव्हतं. पाहण्याच्या कार्यक्रमात सर भिंतीला डावी बाजू लावून बसले होते. "लग्न झाल्यावर मी डावीकडून पाणी द्यायला गेले की ह्यांचा हात लागायचा आन् तांब्या पडायचा. दरवेळी. मला वाटलं, माणूस रागीट हाय. माझ्या हातचं पाणी नको त्याला. मी रडले बी. मंग एक दिवस मलाच म्हणले, 'बाई, तू उजवीकडून येत जा. डावीकडचं मला म्हाईत होत न्हाई.'"

"मग तुम्ही उजवीकडून जायला लागलात?"

"न्हाई. मी डावीकडंच राह्यले. पुढं गाडीत बी. तिकडं कुणीतरी पाह्यजेच होतं."

रांग संपली. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोल गं."

त्यांच्या घरात बैठकीतल्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली सरांचे आणि त्यांचे फोटो आहेत. शाळेचे, सहलीचे, विहारातले. मी नंतर नीट पाहिले. एकाही फोटोत काकू सरांच्या उजवीकडे नाहीत.

या वर्षी मला छत्रपती संभाजीनगरला नोकरी लागली. होस्टेलवर राहायचं, रविवारीही बहुतेक काम. मी ते काकूंना सांगायचं टाळत होते. आईनंच सांगितलं. काकूंनी मला एक चांगला दुपट्टा घेतला आणि वळणांबद्दल काही बोलल्या नाहीत. प्रवीणदादा मात्र फोनवर बोलला. फोन स्पीकरवर होता.

"आई, तू शेजारच्या मुलीच्या जोरावर गाडी चालवतेस. ती गेली की काय करणार? एकटीनं चालवता येत नसेल तर व्हॅन विकू आता. अक्कामावशीकडे मी आलो की नेत जाईन."

"तू कवा येतो?"

"येतो ना, दिवाळीला."

"अक्कानं दिवाळीलाच धूर बघायचा का मंग?"

"आई, तसं नाही. तू एकटी एकही डावं वळण घेत नाहीस, हे मला माहीत आहे."

ते खरं होतं. माझ्याआधी दूधवाल्याची बायको होती, तिच्याआधी समोरच्या घरचा भाडेकरू. डावीकडं कुणी नसलं, तर काकू तीन उजवी वळणं घेऊन, अर्ध्या गावाला वळसा घालून घरी यायच्या. अक्कांच्या गावाला मात्र असा वळसा नाही. चौफुलीवर डावीकडं, नाहीतर नाही.

माझ्या निघण्याआधीच्या रविवारी मी नेहमीसारखी पुढचं दार उघडायला गेले.

"आज मागं बस," काकू म्हणाल्या. "आन् बोलायचं न्हाई. थाप बी न्हाई."

त्यांनी पुढची सीट हातानं झाडली, डावीकडची काच पूर्ण खाली केली आणि इंडिकेटर लावला. किराणावाल्यानं हात केला. आम्ही निघालो.

चौफुलीवर गर्दी होती. उसाची गाडी आमच्याच पुढे डावीकडं वळत होती. ट्रॅक्टर गेला. पहिली ट्रॉली गेली. काकू थांबल्या. दुसरी ट्रॉली आतला कोपरा कापत गेली, तिच्यातून दोन-तीन ऊस खाली लोंबत होते. मागून हॉर्न सुरू झाले. आतल्या बाजूनं एक मुलगी सायकल हातात धरून चालत येत होती. मला ती दिसत होती. त्यांना दिसते की नाही ते मला कळेना. माझा हात दाराकडे गेला, तो मी मांडीखाली दाबून ठेवला. आरशात काकूंचं कपाळ दिसत होतं. त्यावर घाम होता. त्या आता सरळ जातील आणि पुढे कुठंतरी गाडी वळवून घरी परततील, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर व्हॅन गेलीच असती, आणि अक्कांचा धूरही.

सायकलवाली पुढे निघून गेली. काकू डावीकडं वाकल्या. पूर्ण वाकल्या, खिडकीपर्यंत. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग सरळ झाल्या आणि हात लांब करून रिकाम्या सीटच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"साफ हाय," त्या म्हणाल्या. "या."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुलांना, मोटारसायकलवाल्यांना, मला, काकू सगळ्यांना एकाच आवाजात बोलतात. हा लहान होता, जवळ बसलेल्या माणसाला सांगावं तसा. आणि त्या कधी कुणाला "या" म्हणत नाहीत. पाहुण्यांनाही "ये की" म्हणतात.

व्हॅन डावीला चिकटून, सावकाश, कोपऱ्याचा दगड न सोडता वळली.

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. उघड्या खिडकीतून धूळ आत यायला लागली, काकूंच्या पांढऱ्या केसांवर बसायला लागली.

"काकू, पुढची काच वर करू का?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उघडी असली की बघायला बरं पडतं."