लिनक्सचं सुतक

रेगेकाकांच्या लाडक्या लिनक्सचा कारभार पाहणारी छोटी कंपनी एका बड्या कंपनीने विकत घेतली, त्या सकाळी काकांनी डोक्यावरून अंघोळ केली.

“किती दिवसांचं सुतक?” मी विचारलं.

“लांबचं नातं. नुसती अंघोळ.”

काका डोंबिवलीच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले, माझे शेजारी. लिनक्स ही हौशी मंडळींनी मिळून घडवलेली, कुणीही फुकट वापरावी अशी संगणकप्रणाली; तिचे अवतार अनेक, काकांचा अवतार त्या छोट्या कंपनीचा. सोसायटीतल्या निम्म्या जुन्या संगणकांवर ती काकांनीच चढवली. तिचे बरेच कारागीर आता मोठ्या कंपन्यांचे पगार घेतात, हे त्यांचं दुखणं.

“पगार देणारा सांगणारच ना रे, भिंत इथे पाड, खिडकी तिथे काढ! आणि राहतोय कोण? आपण!”

मी पत्रकार. मुक्त सॉफ्टवेअरवरचा माझा लेख छापून आला, तेव्हा काकांनी मला लिफ्टपाशी गाठलं. “लिहिलास कुठल्या संगणकावर? विकतच्या प्रणालीवरच ना?” संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरने मला ओळखच दाखवली नाही. डिजिटल स्वावलंबनावरचा पुढचा लेख मी मोबाइलवर अंगठ्याने लिहिला.

रविवारी लॅपटॉप पूर्ववत करून घ्यायला, म्हणजे शरण जायला, मी त्यांच्याकडे गेलो. काकू संगणकापुढे होत्या. त्यांची नजर मंदावत चालली आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. तरी नाट्यपदं त्या स्वतःच लावतात, निव्वळ हाताच्या सवयीने. माउस खाली डाव्या कोपऱ्यात, मग जरासा वर. दुसऱ्याने लावून दिलेलं त्यांना खपत नाही. नव्या आवृत्तीत कंपनी तो कोपरा बदलते आणि काका खटपट करून तो परत जागेवर आणतात.

त्या दिवशी माउस नुसताच फिरत राहिला.

“अहो, मला नाही जमत आता,” काकू हळूच म्हणाल्या.

“तुला काय धाड भरलीय न जमायला?” काका कडाडले. “त्या कंपनीवाल्यांनी बटण हलवलंय!”

मी स्क्रीन पाहिली. बटण जागेवरच होतं. काका माझ्याकडे बघत होते.

“हो काकू,” मी म्हणालो, “माझ्याकडेही हलवलंय.”

“मेल्यांना दुसरे उद्योग नाहीत,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी माउस पुन्हा हातात घेतला. “सांगा बघू, कुठे नेलंय ते.”