रकाना सतरा आणि अर्धं बिस्कीट

रकाना सतरा. आपल्याविरुद्ध आपल्या महाविद्यालयात शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय? हो / नाही. (उत्तर कोणतेही असो, महाविद्यालयाचा दाखला जोडणे आवश्यक.)

पहिले सोळा रकाने तिने अकरा मिनिटांत भरले होते. सतराव्यापाशी पेन येऊन थांबलं, त्याला आता पाऊण तास झाला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म, फॉर्मवर कोपर, कोपरावर डोकं. पलीकडे आई वाटाणे सोलत होती. ती रुग्णालयात परिचारिका, आणि आज तिला चक्क एका संध्याकाळची सुट्टी होती.

"नाहीवर खूण कर आणि ताट घे," आई म्हणाली.

"समजा, नंतर कोणी विचारलं तर?"

घरात तिला 'समजा'च म्हणत. सातव्या वर्षी इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरांना तिने विचारलं होतं, "समजा, हे माझं नसलं तर?" डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून चिठ्ठी पुन्हा वाचली. इंजेक्शन खरोखरच तिचं नव्हतं. त्या दिवसापासून तिला कोणी आवरू शकलं नाही.

"काय विचारणारे कोणी?"

"पहिल्या वर्षाला मी वाचनालयात बिस्कीट खाल्लं होतं. ग्रंथपालबाईंनी बाहेर जायला सांगितलं. ती कारवाई झाली का?"

"किती बिस्किटं?"

"अर्धं. उरलेलं अर्धं बाहेर जाऊन खाल्लं."

"मग अर्धी खूण कर. माझ्याकडे लोक पोट फाडून घ्यायच्या कागदावर याच्यापेक्षा लवकर सही करतात."

पण खूण झाली नाही. फॉर्म लॉ कॉलेजचा होता, आणि याच कॉलेजात जायचं हे तिचं शाळेपासून ठरलेलं. पदवीचं शेवटचं वर्ष सांभाळून तिने प्रवेश परीक्षा दिली होती, यादीत नाव वर आलं होतं. आता राहिला होता हा फॉर्म आणि शुक्रवार संध्याकाळचे पाच. आज मंगळवार होता. चुकीच्या खुणेने वकिलीची सुरुवात करायची तिची तयारी नव्हती. तिने ठरवलं, आधी दाखला आणायचा, मग दाखला म्हणेल तिथे खूण.

इथेच घात झाला.

बुधवार.

कॉलेजच्या कार्यालयात शिस्तविभाग म्हणजे एक हिरवं कपाट, एक थर्मास आणि या दोन्हींचा सांभाळ करणारे कारकूनकाका. तिचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"काहीही नसल्याचा दाखला?"

"हो काका."

"बावीस वर्षांत कोणी मागितला नाही. त्या कॉलेजात अर्ज करणारी आपल्याकडची तूच पहिली." त्यांचा आवाज हळवा झाला. मग त्यांनी कोरा दाखला काढला आणि पहिल्याच ओळीत अडकले. "इथे फाइल क्रमांक लागतो."

"पण माझी फाइलच नाही. म्हणून तर दाखला हवाय."

"अगदी बरोबर. फाइल नाही म्हणजे पाहायला काही नाही. मग 'पाहिले, काही आढळले नाही' असं मी कशाच्या जोरावर लिहू?"

यात कुठेतरी भोक होतं. परीक्षेत असे शंभर युक्तिवाद तिने उलटे टांगले होते. पण त्यातल्या एकाही प्रश्नात समोर थर्मास घेऊन बसलेला माणूस नव्हता.

"मग?"

"मग काढू की फाइल," काका म्हणाले आणि त्यांनी मोठ्या मायेने नोंदवही उघडली.

क्र. २१२. उघडली: बुधवार. मजकूर: निरंक. स्थिती: प्रलंबित.

"प्रलंबित कशाला?"

"उघडलेली फाइल बंद होईपर्यंत प्रलंबितच असते. आणि प्रलंबित असताना मी दाखला कसा देऊ? आज दिला आणि उद्या समितीने तुला दोषी धरलं म्हणजे?"

"कशाबद्दल दोषी?"

"ते फाइलीत आलेलं नाही अजून."

"काका, ते पान फाडून टाका ना."

काका तिच्याकडे असे पाहू लागले, जणू तिने त्यांच्या नातवाला विहिरीत टाकायला सांगितलं होतं. "पानं मोजलेली आहेत," ते एवढंच म्हणाले.

साडेअकराला ती निष्कलंक आत आली होती. पावणेबाराला तिच्यावर प्रकरण चालू होतं.

सुदैवाने फाइल बंद करणारी समिती उद्याच दुपारी बसणार होती. दुर्दैवाने समितीपुढे तक्रारीशिवाय काही जात नव्हतं. "तक्रार फेटाळायची तरी आधी तक्रार हवी," काका म्हणाले. "तुझ्याबद्दल कोणाचं काही वाईट मत? आठव जरा. घाई नाही."

तिने मान खाली घातली. "पहिल्या वर्षाला मी वाचनालयात..."

तिचं बोलणं संपेपर्यंत काका उभे राहिले होते. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं? उगाच जीव टांगणीला लावलास."

ग्रंथपालबाईंना बिस्कीट आठवतच नव्हतं.

"तुझ्याविरुद्ध तक्रार? अगं, पुस्तक परत करताना धूळ पुसून देणारी तू एकटी. माझे हात झडतील."

"बाई, तीन ओळी लिहा फक्त. माझ्या भवितव्याचा प्रश्न आहे."

बाईंनी डोळे पुसून तीन ओळी लिहिल्या. 'या मुलीने येथे बिस्कीट खाल्ले होते असे ती म्हणते. बहुधा भूक लागली असावी. मुलगी फार गुणी आहे.'

काकांनी ते वाचलं आणि टेबलावर पालथं घातलं. "ही तक्रार नाही, हे स्थळ सुचवल्यासारखं झालं. समिती परत पाठवेल. आणि पुढची बैठक एकदम पुढच्या महिन्यात."

"मग मी लिहून देते. बाई सही करतील," ती म्हणाली.

वाचनालयातल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत ती लिहायला बसली. एक पान लिहायचं होतं. पण पहिला परिच्छेद बरा जमला, त्यातून दुसरा निघाला, आणि दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली. प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षं घासलेली धार पहिल्यांदाच कशावर तरी चालत होती. पाच पानं झाली. त्यातलं कलम चार असं:

'बिस्कीट अर्धेच होते, असा बचाव येथे पुढे येईल. परंतु मुंगी अर्ध्या बिस्किटासाठीही पूर्णच येते. आणि ती एकटी येत नाही.'

सही करताना ग्रंथपालबाईंनी पाय खुर्चीवर घेतले आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

गुरुवार, इतिवृत्त. उपस्थित: उपप्राचार्य, खेळाचे सर, ग्रंथपाल, कारकून (नोंदीसाठी), संबंधित विद्यार्थिनी.

तक्रारीचे वाचन झाले.

विद्यार्थिनी म्हणाली, बिस्कीट अर्धेच होते. खेळाच्या सरांनी कलम चारकडे लक्ष वेधले. विद्यार्थिनीने लक्ष दिले.

विद्यार्थिनी म्हणाली, घटनेला अडीच वर्षे झाली. उपप्राचार्यांनी कलम सहा वाचून दाखवले: 'काळ गेला म्हणून कण गेले असे होत नाही.'

विद्यार्थिनी म्हणाली, ग्रंथपालबाईंचा मुळात काही राग नाही. कलम नऊ: 'ग्रंथपालांचा चांगुलपणा हा आरोपीचा बचाव होऊ शकत नाही.' ग्रंथपाल रडू लागल्या. त्यांना पाणी देण्यात आले.

विद्यार्थिनीने तक्रारीची प्रत मागून घेतली व कलम नऊ पुन्हा वाचले.

उपप्राचार्य म्हणाले, प्रकरण फेटाळण्याच्या तयारीने ते आले होते. परंतु इतकी बिनतोड तक्रार त्यांनी नोकरीत पाहिली नाही. ठराव: विद्यार्थिनी दोषी. लेखी ताकीद. फाइल बंद.

शुक्रवारी पावणेपाचला तिने लॉ कॉलेजच्या खिडकीत फॉर्म दिला. रकाना सतरा: हो. सोबत दाखला, ताकीद, इतिवृत्त, पाच पानी तक्रार. खिडकीतल्या बाईंनी गठ्ठा हातात तोलून पाहिला. "एवढं काय केलंत हो?" त्यांनी हळूच विचारलं.

घरी आईने ताट वाढलं. मग ओट्यावरचा बिस्किटांचा डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. लांब टेबलापलीकडे एकच निवृत्त न्यायाधीशबाई, आणि त्यांच्यापुढे २१२ ची प्रत. जागोजागी रेघा मारलेल्या.

"तक्रार ग्रंथपालांनी लिहिली?"

"नाही. मी."

"आणि समितीपुढे बचाव?"

"तोही मीच केला."

"फार कच्चा होता."

"हो बाई."

"मग यात हरलं कोण?"

'समजा' जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "मला फाइल बंद करून हवी होती बाई," ती म्हणाली. "ती झाली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला पाठवायला सांगितलं. घरी येऊन तिने जाहीर केलं की सगळं संपलं, आता ती मुंग्यांवर पुस्तक लिहील.

दहाव्या दिवशी पत्र आलं. आईने ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं. 'आपली निवड झाली आहे.' आईने तिला एका हाताने जवळ ओढलं, दुसऱ्या हातातलं पत्र पुढे वाचत राहिली, आणि मग तिचा हात सैल पडला.

'...मात्र फाइल क्र. २१२ वगळता अन्य कोणतीही नोंद नसल्याचा महाविद्यालयाचा दाखला आठ दिवसांत सादर न केल्यास ही निवड रद्द समजावी.'

"नाहीवर खूण केली असतीस तर," आई म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने मोठ्या मनाने सोडून दिलं.

कारकूनकाकांनी पत्र दोनदा वाचलं. आनंदाने थर्मासमधला चहा तिला झाकणातून दिला. मग कोरा दाखला काढला. पहिल्या ओळीपाशी थांबले. वर पाहिलं.

"बोलू नका काका," ती म्हणाली. "दोनशे तेरा. काढा."

नोंदवहीचं पान उलटलं. मजकूर: निरंक. स्थिती: प्रलंबित. काकांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, खण उघडला आणि बिस्किटांचा एक पुडा फाइलीशेजारी ठेवला.

"वाचनालय पाचला बंद होतं," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "समिती उद्याच आहे. तक्रार आजच लिहिलीस तर बरं."

तिने पुडा उचलला, त्यातलं एक बिस्कीट काढलं आणि नीट मधोमध मोडलं. अर्धं काकांना दिलं.

"मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "या वेळी तक्रार फेटाळून हवीय. ग्रंथपालबाईंनाच लिहू दे."