तारीख बरोबर हाय का?

साळवे अण्णा कॉम्प्युटरचा सेल जिभेवर ठेवून तपासतात. रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल, मशीनच्या पोटात बसवलेला असतो. तो नखानं उचकटायचा, शर्टाला पुसायचा आणि डोळे मिटून जिभेच्या शेंड्याला लावायचा. झिणझिण्या आल्या तर सेल जिवंत. नाही आल्या तर अण्णा डोळे उघडून म्हणतात, "गेला." हे ते अशा आवाजात म्हणतात की ऐकणाऱ्याचा हात आपोआप टोपीकडे जावा. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, मीटर का नाही वापरत? अण्णा म्हणाले, "मीटरमधला सेल कोन तपासणार?"

मी पाटोद्याजवळच्या एका शाळेत कारकून आहे. शाळेत सहा कॉम्प्युटर आहेत. कागदोपत्री सहाही चालतात, माझ्या मते दोन चालतात, आणि त्या दोनांचं श्रेय अण्णांचं. अंगानं वाळलेला माणूस, पन्नाशी उलटलेली. खिशाला पेनाच्या जोडीनं एक रंगाचा ब्रश आणि एक खोडरबर. ब्रश धुळीसाठी. खोडरबर कशासाठी ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मशीन सुरू होईना आणि आतून नुसतं पीं पीं ओरडायला लागलं की अण्णा रॅमची पट्टी उपसतात आणि तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासत बसतात. पट्टी परत बसवली की दहातल्या आठ वेळा मशीन उठतं. उरलेल्या दोन वेळा अण्णा त्याच्याकडे असं बघतात, की मशीनलाच ओशाळं व्हावं.

शाळेत पाऊल ठेवलं की नमस्कार नाही, पाणी नाही. पहिला प्रश्न एकच, "तारीख बरोबर हाय का?"

त्याचं कारण असं. तो चपटा सेल मेला, की वीज गेल्यावर मशीन आजची तारीख विसरतं आणि कारखान्यातून निघतानाच्या कुठल्यातरी जुन्या एक जानेवारीला जाऊन बसतं. मग सरकारी साइट उघडायला गेलं, की समोर लाल पाटी येते, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. मी पहिल्यांदा ती पाटी बघितली तेव्हा व्हायरस समजून दोन दिवस मशीनला हात लावला नाही. खरं सांगायचं तर मला ते दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी अण्णा आले, पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हायरस न्हाई साहेब. तुमी धा वर्षांमागं बसून आजचं दार वाजवायलात. कोन उघडल?"

पासवर्डच्या बाबतीत तर माणूस कर्मठ. माझा पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला होता, जसा अख्खा देश चिकटवतो. अण्णांनी कीबोर्ड उलटा केला, चिठ्ठी सोलून काढली, आणि मी बघत असताना तोंडात टाकून चावून गिळली.

"अहो अण्णा, फाडून टाकायची."

"फाडलेलं जुळवता येतंय. मशीनमदून पुसलेलं परत काढता येतंय. गिळलेलं कुनाला काढता येत न्हाई."

मलाही नाही. पुढचे चार दिवस मी पासवर्डवाचून बसलो होतो. पेनड्राइव्हला ते उष्टा चमचा म्हणतात. दहा मशीनच्या तोंडात घातलेला चमचा न धुता आपल्या ताटात घालायचा का, असं विचारतात, आणि शाळेतल्या मशीनची भोकं त्यांनी चिकटपट्टीनं बंद करून टाकलीत.

अशा माणसाच्या घरच्या मशीनची तारीख चुकलेली असावी, याची गावाला गंमत वाटणं साहजिक होतं. दुरुस्तीनंतर ते घरच्या कॉम्प्युटरवरून छापलेला बिलाचा एक कागद देतात. त्यावर कायम तीच जुनी एक जानेवारी. अण्णा ती पेनानं खोडून वर आजची तारीख लिहितात. असे पंचवीस-तीस कागद माझ्या फायलीत आहेत. दिव्याखाली अंधार म्हणून मी त्यांना किती वेळा चिडवलं असेल. "अण्णा, घरचा सेल चाटला का न्हाई कधी?" ते नुसतं "बघू" म्हणायचे आणि स्क्रू आवळायला लागायचे. मलाही आपण लई विनोदी आहोत असं वाटायचं.

अण्णा एकटे राहतात. बायको मुलगी लहान असतानाच गेली. मुलगी मनीषा, तिला ते मनू म्हणत. अंबाजोगाईला कॉलेजात होती. सुट्टीत घरी आली, ताप भरला आणि चौथ्या दिवशी गेली. याला पाच वर्षं झाली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. बुद्धवंदना सुरू झाली आणि लाउडस्पीकर घुंई करायला लागला. कुणाला काही सुचेना. अण्णा पुढच्या रांगेतून उठले, मागं गेले, वायर काढून फुंकर मारून परत खोचली, आवाज थांबल्याची खात्री केली आणि आपल्या जागेवर येऊन बसले. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी कुणी बघितलं नाही. माणूस मशीनसोबत राहून मशीन झालाय, असं परतताना कुणीतरी बोललं. मीही मान डोलावली होती.

आता माझी चूक सांगतो. दहावीच्या परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. मुदत महिनाभराची होती. मी ती महिनाभर पुरवून वापरली. शेवटच्या दिवशी सतरा मुलांचे अर्ज माझ्याकडे राहिले होते, आणि साइट दुपारी चारला बंद होणार होती. साडेबाराला ट्रान्सफॉर्मर जळाला. शाळेत वीज नाही, पाटोद्यात गेलो तर बाजारपेठेतही नाही, नेटची दुकानं अर्धी शटरं ओढून बसलेली. मुख्याध्यापक लॅपटॉपसकट बीडला मीटिंगला. मोबाईलवर शाळेचं खातं उघडेना. सतरा पोरांचं वर्ष माझ्या आळसापायी जाणार होतं, आणि ते माझ्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये होतं.

अण्णांकडे इन्व्हर्टर आहे, हे आठवलं तेव्हा दोन वाजून गेले होते.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मागच्या खोलीत बुद्धांची तसबीर, शेजारी मनीषाचा फोटो आणि त्याखाली टेबलावर तिचा कॉम्प्युटर. तिथं मी आजवर कधी गेलो नव्हतो. मी धापा टाकत सगळं सांगितलं. अण्णांनी एवढ्या घाईतही पेनड्राइव्ह आधी दुकानातल्या जुनाट मशीनवर तपासला; दुकानात चालू असं तेवढंच होतं, आणि त्याला नेट जोडता येत नव्हतं. त्यात दोन व्हायरस निघाले. मग ते मागच्या खोलीत आले, आणि बटनावर हात ठेवून जरा थांबले.

मशीन सुरू झालं. तारीख तीच, एक जानेवारी. आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली.

"पप्पा, सेल गेला. सगळ्या तालुक्याचे बदलता, घरचा कधी बदलणार? आधी चहा घ्या. – मनू."

मी ती ओळ दोनदा वाचली.

"पोरीनं बसवलंय," अण्णा म्हणाले. "सेल गेला की मशीन एक जानेवारीत जातंय. एक जानेवारी दिसली की हे उघडतंय. मला चिडवायला केलतं तिनं. मग चार दिसात ती आजारी पडली."

"म्हणून तुम्ही सेल..."

"तारीख खरी झाली की हे आपलं आपन पुसून जातंय. तसंच बसवलंय. सेल बदलल्यावर कशाला पायजे, म्हनली."

पाच वर्षं रोज संध्याकाळी हा माणूस मशीनचा प्लग उपसत होता, आणि रोज सकाळी परत जोडत होता. मी फायलीत जमवलेले ते सगळे कागद मला आठवले. आणि माझे विनोदही आठवले. तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

माझ्या मोबाईलचं नेट जोडून साइट उघडून बघितली. लाल पाटी. ती येणारच होती.

"राहू द्या अण्णा," मी म्हणालो. "मी बीडला जातो."

"चारच्या आत पोचताव का?"

पोचलो असतो, पण सतरा अर्ज भरायला वेळ उरला नसता. हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवू."

"फोटो हाय की भिंतीवर."

"मग कॉपी करून ठेवा. नाहीतर पुसल्यावर परत काढा. तुम्हीच सांगता, पुसलेलं परत काढता येतं."

"येतंय. पन मग मी ठेवलेला निरोप मलाच यायचा. त्याला निरोप म्हनत न्हाईत साहेब." त्यांनी खुर्ची ओढली. "पोरं किती हायत?"

"सतरा. त्यात नऊ मुली."

"मनूचा धावीचा फॉर्म ह्याच मशीनवर भरलता आमी," ते म्हणाले, आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

मला वाटलं, रडायला गेले असतील. आतून स्टोव्हचा आवाज आला. त्यांनी चहा केला. दोन कप. माझा माझ्या हातात दिला, आणि आपला घेऊन पडद्यासमोर बसले. घड्याळात पावणेतीन होत आले होते. रोज सकाळी असाच होत असणार तो चहा, सांगितल्याप्रमाणे, आधी. त्यांनी शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चौकट बंद केली. मग घड्याळाची सेटिंग उघडून माझ्याकडे न बघता विचारलं, "आज तारीख काय हाय?"

सगळ्या तालुक्याला तारीख विचारणारा माणूस. मी तारीख सांगितली. त्यांनी एक एक आकडा घातला आणि बटन दाबून टाकलं. साइट पहिल्या झटक्यात उघडली.

पावणेचारला सतरावा अर्ज गेला. अण्णांनी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून घेतलं, जन्मतारीख दोनदा. एका मुलीची चुकलेली होती, ती त्यांनी पकडली. मी निघताना पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "पुढच्या साली लवकर या." त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी सवयीनं प्लग काढला असणार. सकाळी मशीन पुन्हा एक जानेवारीला गेलं असणार. आणि चौकट उघडली नसणार. ती सकाळ कशी गेली हे मी विचारलं नाही, मला धीर झाला नाही.

पंधरा दिवसांनी शाळेतलं एक मशीन पीं पीं करायला लागलं म्हणून अण्णा आले. रॅम घासली, मशीन उठलं. त्यांनी घरून छापून आणलेला कागद माझ्यापुढं ठेवला. तारीख छापलेली होती आणि ती आजची होती. पेनाची खाडाखोड नव्हती.

"सेल बदलला?" मी विचारलं.

"बदलला. पोरीनं सांगितलेलं काम हुतं. लई दिस राहिलं."

त्यांनी वरच्या खिशातून जुना सेल काढला. शर्टाला पुसला, डोळे मिटले आणि जिभेच्या शेंड्याला लावला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ तसाच धरला. मी त्या "गेला"ची वाट बघत होतो. अण्णा काही म्हणाले नाहीत. सेल परत पुसून खिशात ठेवला, ब्रश उचलला आणि पुढच्या मशीनकडे गेले.