उमापुरातलं उधाण

आमच्या उमापुरात लखूनानासमोर धोतर नेसून बसायची चोरी होती. कधी सोगा धरील आणि भरती-ओहोटी समजावू लागेल, नेम नाही. माझं धोतर म्हणजे समुद्र, मीच चंद्र, शेजारी बसलेला न्हावी सूर्य. आम्ही दोघांनी एकाच अंगाला ओढलं की अमावास्या, समोरासमोर ओढलं की पुनव. दोन्ही वेळा उधाण, पाणी लई वर चढणार. आडवं-तिडवं ओढलं की अष्टमी. पाणी बिचारं धड इकडं ना तिकडं, त्याला म्हणायचं भांग. फाटायचं मात्र माझं धोतर.

दुष्काळात नाना बायकोला घेऊन इंग्रजी मुलखात, कोकणच्या मिठागरावर गेलता. ती हिवतापानं तिकडंच वारली. नाना एकटा परत आला, तो हे खूळ घेऊन. आमची मजल गोदावरीपर्यंत. पाऊस नसताना पाणी रोज दोनदा चढतं, हे कोण ऐकून घेणार? आम्ही हसायचो. नाना म्हणायचा, "हसा बे. पाणी काय तुमाला इचारून येतंय का?"

आमचे पाटील एकदा मुंबई बघून आले. पान खाईस्तोवर समुद्रापुढं उभा होतो, तो जागचा हलला नाही, असं त्यांनी चावडीवर सांगितलं. नाना सगळ्यांदेखत म्हणाला, पान खाईस्तोवर काय दिसतंय, दोन जेवणं होईस्तोवर बसायचं होतं. झालं! पंचायत बसली. बेलभंडार उचलून समुद्र हलत नाही म्हणायचं, नाहीतर नाना वाळीत.

मी परोपरीनं सांगितलं, बाबा, म्हणून टाक, समुद्र काही ऐकायला येत नाही. एकटा जीव, उद्या खांदा द्यायला कोणी मिळायचं नाही. ऐकेल तर शपथ.

त्यानं बेलभंडार उचलला, कपाळाला लावला. "समुद्र जातो आन् येतो. रोज दोनदा. टाका वाळीत."

पाटील उखडले. "एवढी जिद कावून रं? तुजं काय जातंय?"

नाना तेव्हा पहिल्यांदा हळू बोलला. "माजी सारजा तितं वाळूत पुरलीय, पाटील. पाण्यानं उकरू नये म्हून लई वर पुरली. भांगाचं पानी तिच्यापत्तूर पोचत न्हाई, उधाणाचं पोचतंय. तिच्याकडं जानारं तेवढंच हाय. ते बी जात न्हाई म्हनू?"

पाटलांनी उठून त्याच्या हातातला बेलभंडार काढून घेतला. पंचायत तशीच उठली.